कॉलिनच्या बदल्यात

लंडन, २६ सप्टेंबर १९९४

चि. रसेल,

पोचलो. तुझ्या आईला लंडन आवडलं आहे, तेव्हा मी तिच्यासमोर त्याविषयी तोंड उघडायचं नाही असं ठरलं आहे. म्हणून तुला लिहितो. सगळं ओलं आणि अंधारं आहे, आणि लोकांना त्याचाच अभिमान आहे. खानावळीच्या मालकिणीने काल विचारलं, तुमच्या मेलबर्नला फुटबॉल खेळतात का? मी तिला सांगितलं, तुमच्याकडे दीड तास पळून शून्य-शून्य करतात तो नाही खेळत. आमचा चेंडू लंबगोल असतो आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून तो हवेतून काढतात. तेव्हापासून ती माझ्याशी अंडी कशी हवीत एवढंच बोलते.

आता कामाचं. खेळाडूंच्या अदलाबदलीचा आठवडा तोंडावर आला आहे आणि मी पृथ्वीच्या उलट्या बाजूला. ही सहल मी तीस वर्षं पुढे ढकलली, तर तुझ्या आईने शेवटी नेमका हाच महिना काढला. आपल्या हायकमिशनच्या वाचनालयात घरची वर्तमानपत्रं येतात, पण आठ दिवसांची शिळी. त्यांच्यात वाचलं की आपला टॅनर्स हिल क्लब म्हणे संघाला नवं रूप देणार आहे. नवं रूप म्हणजे तू. क्लबाने तुला खेळाडू घेण्या-देण्याच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा मी गप्प बसलो, नाहीतर लोक म्हणाले असते बापच पोराचे पाय ओढतो. पण ज्याने उभ्या आयुष्यात चेंडूला एक सरळ लाथ मारली नाही त्याने कागदावर आकडे मांडून माणसं निवडावीत, हे मला अजून पचलेलं नाही.

तेव्हा नीट वाच. मधल्या फळीतले ते तीन आळशी कुणाच्याही गळ्यात मार. एक उंच माणूस आण. आणि कॉलिनला हात लावायचा नाही. तो तीस वर्षांचा झाला, त्याचे गुडघे कुरकुरतात, सगळं मला ठाऊक आहे. पण गोलसमोरची शेवटची जागा त्याच्यासारखी राखणारा आपल्या क्लबाला पुन्हा मिळायचा नाही. सतरा वर्षांचा असताना क्लबाने त्याला मिल्ड्यूराच्या द्राक्षमळ्यातून उचलून आणलं आणि आपल्या मागच्या खोलीत राहायला दिलं. सहा वर्षं तुझ्या आईने त्याला जेवू घातलं. लग्न करून गेला, तरी अजून दर रविवारी दुपारी जनीनला आणि पोरीला घेऊन जेवायला येतो. जेवण होत आलं की मी वही काढतो, आणि आदल्या दिवशीचा सामना आम्ही पहिल्या मिनिटापासून तपासतो. ट्रामवर तपासनीस म्हणून मी चौतीस वर्षं कंडक्टरांच्या चुका टिपल्या. त्या सवयीने एका माणसाचं भलं झालं असेल तर ते कॉलिनचं. तू त्या टेबलाशी बसायचं सोडलंस त्याला किती वर्षं झाली, ते मी मोजत नाही.

बागेतल्या लिंबाला पाणी घालत जा.

तुझा बाप,
डेस हॅनरटी


मेलबर्न, ४ ऑक्टोबर

बाबा,

लिंबाला पाणी घातलं. तुमचं पत्र तुम्ही क्लबाच्या पत्त्यावर, वर ‘तातडीचे’ लिहून पाठवलंत, त्यामुळे ते माझ्याआधी सेक्रेटरीने वाचलं. उभ्या आयुष्यात सरळ लाथ मारली नाही, हे वाक्य आता ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. पुढची पत्रं घरी पाठवा.

उंच माणूस आणायची सूचना मिळाली. आम्ही बुटके शोधत होतो.

बाबा, ज्या संघाला हात लावू नये असं तुम्हाला वाटतं तो यंदा शेवटून तिसरा आला. तुम्ही शनिवारी स्टँडमध्ये बसून जे बघता ते तीस वर्षांपूर्वीचं असतं. तेव्हाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत, त्या चांगल्या आहेत, पण त्यांना यंदा मैदानात उतरवता येत नाही.

कॉलिनविषयी मी तुमच्याशी पत्रातून बोलणार नाही, आणि तुम्ही घरी आल्यावरही बोलणार नाही. माझं काम असं आहे की ते बोलायचं नसतं. एक विनंती करतो, क्लबाचा माणूस म्हणून नव्हे, मुलगा म्हणून. हे अडीच महिने आईला जे बघायचं आहे ते बघा. फुटबॉलची विचारपूस करू नका.

रसेल


एडिंबरा, १३ ऑक्टोबर

रसेल,

विचारपूस करू नका, असं कुणी म्हणालं की तपासनिसाला कळतं, डब्यात कुणीतरी बिनतिकीट बसलेलं आहे.

काल गाडीत आपल्याकडच्या जिलाँग गावचं एक जोडपं भेटलं. नवरा बडबड्या. त्याच्या मेहुण्याने फोनवर त्याला सांगितलं म्हणे, की टॅनर्स हिलचा कॉलिन ट्रेवीन पर्थच्या नव्या क्लबात जाणार अशी हवा आहे. मी त्याच्या तोंडावर हसलो. त्याला म्हटलं, कॉलिन माझ्या घरात वाढला आहे, मला न सांगता तो शर्टाचं बटणही बदलत नाही. पण नंतर माझं जेवणात लक्ष लागेना. जेवणही तसंच होतं, मेंढीच्या पोटात काहीतरी कोंबून उकडलेलं.

आता नियम ऐक. तुला ठाऊक आहे, तरी ऐक. खेळाडूची स्वतःची सही असल्याशिवाय कुठलाही क्लब त्याला दुसऱ्याला देऊ शकत नाही. तुझे आकडे, तुझे तक्ते, तुझं ते कॉम्प्युटर, सगळं त्या एका सहीपाशी अडतं. आणि कॉलिन सही करणार नाही. कागद घेऊन त्याच्या दारात गेलास तर तुझीच शोभा होईल, एवढं सांगून ठेवतो.

आम्ही निघालो तेव्हा तो निरोप द्यायला आला नाही, हे मात्र मला लागलं. घाईत असेल.

डेस

ता. क. रसेल, इथला किल्ला फार सुंदर आहे. मी वर जाऊन आले. बाबा खाली बाकावर बसून हे लिहीत होते. जेवणाची हेळसांड करू नकोस. आई.


मेलबर्न, १४ ऑक्टोबर

बाबा,

तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आजच लिहितो. पॅरिसच्या पोस्टात तुमच्यासाठी ठेवतील.

कॉलिन पर्थला गेला. त्याच्या बदल्यात आपल्याला वेड पिलकिंग्टन नावाचा एकोणीस वर्षांचा बचावपटू मिळाला, आणि नव्या पोरांच्या निवडीत चौतिसावा नंबर, म्हणजे तेहेतीस पोरं आधी उचलली गेल्यावर एक निवडायचा हक्क.

सही कॉलिनने केली. मी समोर होतो. याहून जास्त मी सांगणार नाही, तुम्ही कितीही विचारलंत तरी.

रसेल


पॅरिस, २४ ऑक्टोबर

रसेल,

पोस्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की तू कधी नव्हे ती चेष्टा करतो आहेस.

पिलकिंग्टन. चौतिसावा नंबर. तू एक अख्खी ट्राम देऊन दोन तिकिटं घेतलीस, आणि त्यातलं एक फाटकं. तेरा वर्षं ज्याने क्लबासाठी नाक तीनदा मोडून घेतलं, त्याच्या तोंडाला पानं पुसलीस आणि वर मला सांगतोस, सही कॉलिनने केली. केली असेल. समोर बसून तू त्याला काय सांगितलंस ते मी इथे बसून सांगू शकतो. तुझं वय झालं, तुझे गुडघे गेले, पुढच्या वर्षी तुला बाकावर बसवू, त्यापेक्षा जा. भिडस्त माणूस आहे तो. समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून फाशीच्या कागदावरही सही करील. तुला हे ठाऊक होतं आणि तू त्याचा फायदा घेतलास.

आणि का घेतलास तेही सांगतो. तू लहान होतास तेव्हापासून तो तुझ्या डोळ्यांत सलतो. त्याला चेंडू यायचा, तुला यायचा नाही. मी त्याच्याशी बोलायचो. तू टेबलावरून उठून गेलास आणि वीस वर्षं दबा धरून बसलास.

तेव्हा मी काय केलं आहे ते सरळ सांगतो, लपवाछपवी माझ्याकडे नाही. नॉर्म कॅसल्सला लिहिलं आहे. शंभर सभासदांनी सह्या केल्या की क्लबाला खास सभा बोलवावी लागते, आणि त्या सभेत तुझी खुर्ची जाऊ शकते. नॉर्म आणि मी चाळीस वर्षं एकाच बाकावर बसतो, स्टँडमध्ये त्याला न ओळखणारा कुणी नाही. शंभर सह्यांना त्याला दोन दुपारी पुरतील. सभेत वाचून दाखवायला मी माझं एक पत्रही त्याच्याकडे पाठवलं आहे. तुझ्याविषयी जे इथे लिहिलं तेच त्यात आहे, जरा सभ्य शब्दांत.

डेस

ता. क. रसेल, मी हे पत्र टाकू नका म्हणाले, पण ते गेलंच. मी त्यांना एकच विचारलं, की कॉलिनने आपण निघायच्या आधी एकदा फोन तरी का नाही केला? ते टोपी घालून एकटेच नदीकडे गेले. आई.


मेलबर्न, २ नोव्हेंबर

बाबा,

नॉर्मला दोन दुपारी लागल्या नाहीत, एकच लागली. एकशे एकोणीस सह्या आहेत. सभा सोळा तारखेला, क्लबाच्या हॉलमध्ये. नॉर्म कागद घेऊन माझ्या ऑफिसात आला तेव्हा त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. मी त्याला चहा दिला.

तुम्ही वीस वर्षं म्हणालात. मी टेबलावरून उठलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो, आता एकोणतीस वर्षांचा आहे. तेरा होतात. मोजत नाही म्हणणाऱ्याने निदान आकडा तरी लावू नये. आणि कॉलिन माझ्या डोळ्यांत कधी सलला नाही. मागच्या खोलीत तो आला त्या वर्षी घरात पहिल्यांदा माझ्याशी कुणीतरी फुटबॉल सोडून दुसरं काही बोललं.

सभेत मला कुणी काही विचारलं तर मी एवढंच सांगेन, की नियमाप्रमाणे त्याची सही आहे. तुमचं पत्र नॉर्मने वाचावं. मी त्याला अडवणार नाही.

रसेल


रोम, ११ नोव्हेंबर (पोस्टकार्ड)

रसेल,

चहा देऊन सह्या पुसल्या जात नाहीत. सभेत तुला एक गोष्ट विचारायला मी नॉर्मला फोनवर सांगितलं आहे: कॉलिनला स्वतःला जायचं होतं का? हो की नाही, एका शब्दात. बघू कसा सुटतोस. इथे सगळ्या मूर्तींची नाकं मोडलेली आहेत. कॉलिनची आठवण आली.

डेस


पर्थ, १९ नोव्हेंबर

डेसकाका,

तुम्ही महिनाअखेरीस अथेन्सला असाल असं रसेलकडून कळलं, म्हणून तिथल्या पोस्टात पाठवतो.

परवा नॉर्मचा फोन आला. आवाजात मोठा आनंद. म्हणाला, पोरा, तुझं उट्टं काढलं, रसेलला घालवला. दोनशे तीन विरुद्ध एकशे अठ्ठेचाळीस. मग त्याने सगळी सभा मला ऐकवली. तुमचं पत्र त्याने खुर्चीवर उभं राहून वाचलं म्हणे, आणि लोकांनी बाकं वाजवली. रसेल दोन तास समोर उभा होता. त्याला तीनदा विचारलं, कॉलिनला जायचं होतं का? तिन्ही वेळा तो एकच म्हणाला: “सही त्याची आहे. बाकीचं त्याला विचारा.” काका, मला कुणी विचारलं नाही. माझा नंबर नॉर्मकडे होता. त्याने तो सभा झाल्यावर फिरवला.

तर आता न विचारता सांगतो. ऑगस्टमध्ये मी रसेलला एक चिठ्ठी दिली. तिच्यात लिहिलं होतं, मला इथून सोडव, कुठेही पाठव, पण डेसकाका परदेशात असतानाच पाठव. ते गावात असले तर माझ्याच्याने होणार नाही. आणि का, ते कुणालाही सांगू नकोस. त्याने मला दोनदा परत पाठवलं, विचार कर म्हणाला. तिसऱ्यांदा कागद काढला. बदल्यात त्याला जास्त मिळालं असतं, पण मी म्हटलं थांबू नकोस, म्हणून मिळालं ते घेतलं. ती चिठ्ठी सभेच्या दिवशी त्याच्या कोटाच्या खिशात होती. वाचून दाखवली असती तर आज तो कामावर असता.

कारण क्लब नाही, गुडघेही नाहीत. कारण तुमचा रविवार.

शनिवारी खेळायचं, शनिवारी हरायचं, आणि रविवारी परत हरायला तुमच्याकडे यायचं. तेरा वर्षं. आपण जिंकलो तरी वहीत दोन पानं असायचीच. मागच्या वर्षी जूनमध्ये मी बाबांना पुरून आलो. त्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी काकूंनी पुडिंग वाढलं, तुम्ही वही उघडलीत आणि म्हणालात: “तिसऱ्या डावात, अकराव्या मिनिटाला, तू चुकीच्या बाजूला उभा होतास.” मी म्हटलं, हो. जनीन पोरीला घेऊन उठली आणि गाडीत जाऊन बसली. तुम्ही विचारलंत, हिला काय झालं? आणि पान उलटलंत.

माझी पोर सहा वर्षांची आहे. तिची अशी समजूत होती, की बाबा आठवडाभर काहीतरी वाईट वागतो, म्हणून रविवारी त्याला ओरडा खायला तिकडे नेतात. हे तिने आम्हाला इथे आल्यावर सांगितलं.

मी तुमच्या तोंडावर का बोललो नाही, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरात सहा वर्षं राहिलो, काकूंच्या हातचं खाल्लं, म्हणून नाही बोललो. आणि भित्रा आहे म्हणूनही नाही बोललो. शंभर किलोची माणसं अंगावर घेतो आणि एका म्हाताऱ्याला वही मिटा म्हणता आलं नाही. रसेल सोळाव्या वर्षी त्या टेबलावरून उठला तेव्हा मला तो उद्धट वाटला होता. आम्हा दोघांत धीट तोच होता, आणि तुम्ही मात्र तेरा वर्षं मलाच शूर म्हणत राहिलात.

उत्तर लिहू नका.

कॉलिन


अथेन्स, २९ नोव्हेंबर

रसेल,

कॉलिनचं पत्र आलं. वाचून मी ते तुझ्या आईकडे दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली: “मी तेरा वर्षं पुडिंग वाढलं, डेस. मला त्याचं तोंड दिसायचं. दिसायचं आणि मी वाढत राहायचे.” मग ती एकटीच वर देवळं बघायला गेली. मी गेलो असतो, पण तिने बोलावलं नाही.

मी स्वतःला हुशार समजायचो. सहीशिवाय कुणी जात नाही, हा नियम मीच तुला एडिंबराहून लिहून पाठवला. सही झाली असं तू कळवलंस, तेव्हा तिचा सरळ अर्थ सोडून बाकी सगळे अर्थ मला सुचले. माणसाने तिकीट दाखवलं आणि मी त्याला बिनतिकीट म्हणून ट्राममधून उतरवलं. असला तपासनीस माझ्या हाताखाली असता तर मी त्याला डेपो झाडायला लावला असता. तुझ्यावर दबा धरल्याचा आळ घेतला तोही मूर्खपणा. आणि तेरा की वीस, तिथेही चुकलो.

मला माफी मागता येत नाही. कधी मागितली नाही, त्यामुळे ती कशी मागतात ते ठाऊक नाही. पण तू माझ्यामुळे गेलास ते मला कळतं, आणि मला त्याची शरम वाटते. सोबत एक कागद आहे. तो हॉलमधल्या फळ्यावर लाव, नाहीतर मी येऊन लावीन.

‘सभासदांना कळवतो, की कॉलिन ट्रेवीन गेला तो माझ्यामुळे. दर रविवारी मी त्याचा जो छळ केला त्याला कंटाळून त्याने स्वतः सुटका मागितली. रसेल हॅनरटीला हे ठाऊक होतं आणि त्याने तोंड उघडलं नाही. सोळा तारखेला तुम्ही चुकीचा हॅनरटी काढलात. डेस हॅनरटी, आजीव सभासद.’

डेस


मेलबर्न, ८ डिसेंबर

बाबा,

हे पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून जातो. तुम्ही चौदा तारखेला याल. मी दहाला पर्थला निघतो. तारखा ठरवून घेतल्या आहेत, योगायोग समजू नका. तिकडच्या क्लबात कॉलिनने माझं नाव सांगितलं आणि त्यांनी मला खेळाडू बघायच्या कामावर घेतलं.

तुमचा कागद मी लावला नाही, तुम्हीही लावायचा नाही. शेवटचं वाक्य झकास आहे, दोनदा वाचलं. पण त्या कागदाने मोकळं कोण होणार? तुम्ही. कॉलिन नाही. तो फळ्यावर लागला की स्टँडमधल्या शेवटच्या माणसाला कळेल, की कुणालाही न हटणारा ट्रेवीन एका म्हाताऱ्याच्या वहीला भिऊन तीन हजार किलोमीटर पळाला. तेच कळू नये म्हणून तर मी दोन तास उभा होतो. तुमची अब्रू वाचवायला उभा होतो असा गैरसमज करून घेऊ नका. तुमचा मला त्या दिवशी फक्त राग येत होता, आणि अजून येतो.

पिलकिंग्टन चांगला आहे. दोन वर्षांत तुम्ही त्याच्यावरून लोकांशी भांडाल. तो टास्मानियाहून आलाय आणि क्लब त्याच्यासाठी राहायला एखादं घर शोधतो आहे. मागच्या खोलीचं नाव काढू नका.

आईसाठी फ्रिजमध्ये सूप आहे.

रसेल


मेलबर्न, २२ डिसेंबर

रसेल,

कागद फाडून टाकला. तुझं म्हणणं बरोबर आहे. तुझं म्हणणं बरोबर आहे असं मी लिहिलेलं तुझी आई खांद्यावरून वाचते आहे आणि तिला खरं वाटत नाही.

शनिवारी हॉलमध्ये गेलो होतो. जो भेटतो तो पाठ थोपटतो. आपल्या पोरालाही सोडलं नाही, याला म्हणतात क्लबाचा माणूस, असं म्हणतात. नॉर्मने सगळ्यांना बिअर पाजली आणि तुझी खुर्ची मी घ्यावी असं सुचवलं. हातातल्या ग्लासकडे बघत उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं तर कॉलिनचं नाव बाहेर येणार, म्हणून मला उघडता येत नाही. खुर्ची नको म्हणालो, तर तेही त्यांना मोठेपणाचं वाटलं. सगळे गाढव आहेत, आणि चाळीस वर्षं त्यांना शहाणं समजणारा मी त्यांच्यात मोठा. तू त्यांच्यासमोर दोन तास गप्प उभा राहिलास. मला आता जन्मभर तसंच उभं राहायचं आहे. भोगीन. तक्रार नाही.

रविवारी आम्ही दोघंच जेवलो. तुझी आई पुडिंग करत नाही. मी विचारलं नाही.

पिलकिंग्टनला क्लबाने शिक्षक असलेल्या एका जोडप्याकडे ठेवलं आहे. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नाही. बरं झालं.

आता एकच. आम्ही दोघं पर्थला येतो, असं मी या पत्रात आधी लिहिलं होतं. ते खोडलं. आता विचारतो: येऊ का? कॉलिनच्या घरी पाऊल टाकणार नाही, त्याने बोलावल्याशिवाय. पोरीला बघावं असं वाटतं. तुला बघावं असं वाटतं. नको असेल तर नको असं लिही, कारण द्यायची गरज नाही. सोडून गेलेल्यांची कारणं मला आता ठाऊक झाली आहेत.

डेस


पर्थ, ४ जानेवारी १९९५

बाबा,

तुमचं पत्र कॉलिनला वाचायला दिलं. तो ते पूर्ण वाचून उठला. मग जनीनला विचारायला घरात गेला. ती म्हणाली, काकू केव्हाही येऊ देत.

तुम्ही या. फेब्रुवारीत या, आणि मार्चमध्ये सामने सुरू व्हायच्या आत परत जा.

रसेल